न आलेली हॉटडिश

—नाही गं जोलीन, आत नको, बूट बघ माझे, बर्फाने माखलेत—तू हे एवढं धर, म्हणजे मी निघाले. खालून धर, काच अजून तापलेली आहे. हॉटडिश आहे. खिमा, फरसबी, डब्यातलं मशरूमचं सूप, आणि वर ते बटाट्याचे गोळे—ओळीने लावलेत बघ, आमच्याकडे मिनेसोटात ओळ वाकडी गेली तर सासवा बोलतात, तुमच्या टेक्सासात काय करतात कोण जाणे. मुद्दाम नाही हं केली, उरली होती. म्हणजे... अख्खीच उरली. हसलीस! बरं झालं बाई, हसलीस.

तुझ्या कॉडीची गाडी दिसत नाही म्हणून नाही आले मी. म्हणजे, दिसली नाही हे खरं. या गल्लीत पडद्याआडून सगळ्यांना सगळं दिसतं, पण दाराशी आलं कोणी? नाहीच येणार. आमच्या चर्चच्या बायका वाईट नाहीत गं—कुणी मेलं, कुणी बाळंत झालं, नुसता पाय मोडला तरी संध्याकाळच्या आत ओटा भरून टाकतात. पण नवरा उठून चालता झाला की काय रांधायचं, ते कुणाला सुचत नाही. आमचे व्हर्लिन? ते ॲरिझोनाला असतात. छातीचा त्रास, थंडी सोसत नाही त्यांना. उन्हाळ्यात?—हो, उन्हाळ्यातही तिथेच असतात. ती डॉर्लाही तिथेच असते, त्यांच्याच घरात. असो. व्हर्लिन सोडून गेला ना, त्या आठवड्यात मी फ्रीजमधल्या दोन फळ्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या. मूर्ख बाई! गावातल्या प्रत्येक मयताला मी रांधलेलं, म्हटलं आता येतील सगळ्याजणी, जागा नको का? घंटा वाजली एकदा. धावत गेले. चर्चमधली मार्लिस होती—तिचं भांडं माझ्याकडे राहिलं होतं, ते न्यायला आली होती. तो मेला असता तर बरं झालं असतं, असं मी म्हणत नाही. पण मेला असता तर कुणीतरी माझ्यासोबत जेवलं असतं, एवढं खरं.

अगं नको, खरंच नको, तू खा गरम गरम, मला घरी सूप आहे. ते नवे पाद्री ठाऊक आहेत ना, कॅलिफोर्नियाचे? पहिल्याच दिवशी त्यांनी मार्लिसला केक विचारला, ती नको म्हणाली, आणि त्यांनी ताटली उचलून नेलीच की! अजून हसतात सगळे. इथलं माणूस दोनदा नको म्हणणारच. भूक लागलेली असो, जीव चाललेला असो, नको. तिसऱ्यांदा विचारलं की मग बसायचं. लहानपणापासूनचं वळण, जीभ ऐकतच नाही बघ आपलं... ऐकतेस ना? रडतेयस होय. रड गं, रड, माझ्याकडे बघू नकोस. मी आहे. मला कुठे जायचंय? सहाजणांची झालीये ही, मला थोडकी करताच येत नाही अजून, त्यामुळे दोघींना तर...

काय म्हणालीस? पडायचंय जरा. हो, हो, पड ना. मीच नको म्हटलं, बरोबर आहे तुझं. पण खाऊन पड हं, उपाशी नको. नाही, मला काही नाही झालं, वारा झोंबतोय डोळ्यांना. जा तू. लाव, लाव दार, थंडी आत येतेय.