जाळी लहान होती

— नाही हो परीक्षकसाहेब, इतक्यात कशाला उठताय! हॉलमधल्या प्रोजेक्टरचा पडदा अजून निळाच दिसतोय, तिच्या तोंडी परीक्षेला वेळ आहे, बसा. तर ती चुंबकाची गोष्ट — आमच्या प्रयोगशाळेत असा जबरी चुंबक होता, शिपाई दारातून डोकावला आणि कमरेच्या पट्ट्यासकट जाऊन चिकटला. संध्याकाळपर्यंत तिथेच. वर ओव्हरटाइम मागितला! हसा की. तुम्ही हसतच नाही — प्रबंध वाचताना तरी हसलात का? नाही, सहज विचारतो.

प्रबंध उत्तमच आहे. माझी विद्यार्थिनी आहे म्हणून नाही म्हणत. आम्ही तिला चिमणी म्हणतो — बोलते कमी, टिपते सगळं. या धातूंतले इलेक्ट्रॉन कसे, तर पाहुण्यांनी भरलेलं घर आणि न्हाणीघर एकच! एक आत, तर दुसरा बाहेर ताटकळत. एकाचा विचार एकट्याने करताच येत नाही. शेजाऱ्याचं तोंड वर तर ह्याचंही वर, आणि म्हणूनच तो धातू चुंबकी. अख्ख्या धातूचं गणित सुटायचं नाही म्हणून आपण काय करतो? अणूंची छोटी जाळी घेतो, चार बाय चार, आणि कडा एकमेकींना जोडतो. इलेक्ट्रॉन उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत. सगळेच करतात. तुम्हीही केलंय की तरुणपणी! त्यात काही वावगं नाही — नाही ना?

जाळीच्या आकाराबद्दल विचारणार असाल तर नका विचारू. म्हणजे, विचारा, पण हळू. पहिल्या रांगेत तिचे वडील बसलेत, बस चालवतात, नव्या शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून पाठ टेकत नाहीयेत. एका संशोधन संस्थेत तिला नोकरी ठरलीय, आज पदवी मिळाली तर. आणि मी काय केलं, तर तुमच्यासमोर मिरवायला म्हणून मोठी जाळी संगणकावर लावली. आज सकाळी उत्तर आलं. चुंबकत्व — नाहीच! औषधालाही नाही. अहो, छोट्या जाळीत तो बिचारा इलेक्ट्रॉन गोल फिरून स्वतःच्याच पाठीवर आदळत होता आणि त्यालाच शेजारी समजत होता! तिनं म्हटलं होतं, सर, मोठी करून बघू या का. मी म्हटलं, कशाला, आलेख किती देखणा आलाय. तुमच्या त्या पहिल्या प्रश्नाची सकाळपासून धास्ती —

काय? विचारणारच नव्हता? तुमच्या कागदांवर नुसत्या शुद्धलेखनाच्या खुणा? म्हणजे तुम्हाला हे — म्हणजे आत्ता मीच —

असं बघू नका. आता तुम्ही विचारलंत तर ती सगळ्यांसमोर, वडिलांसमोर, काय बोलेल? आणि नाही विचारलंत, तर ती नव्या ठिकाणी त्या जाळीवरच पुढचं सगळं उभं करेल… प्रोजेक्टर लागला वाटतं. ती दारात आलीय, तुम्हाला शोधतेय.

बसा तुम्ही. आधी मी जातो, तिला बाहेर बोलावतो, सकाळचं उत्तर मीच सांगतो. तुम्ही इथून हलू नका, आणि कृपा करून आमच्याकडे बघू नका.