गोड्या पाण्याचं मशीन

— नाही, तुमच्या आकड्यांशी माझं भांडण नाही. दिल्लीच्या या द्वारकेत जमिनीखाली पाणी आहे आणि ते खारं आहे, हे मुंबईहून येऊन मला सांगायला नको — सात वर्षं राहतोय इथं, पाच वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बसा ना परीक्षित, उभे का? तर मशीन बसवायचं, बोअरचं पाणी गोडं करायचं, आपण प्यायचं, उरलेलं शेजारच्या सोसायट्यांना विकायचं, तीन वर्षांत गुंतवणूक वसूल. बरोबर? हे सगळं मी याच खोलीत ऐकलंय. तेव्हा बोलणारा सुधाकर होता.

अच्छा, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. सुधाकर माझा मित्र. लक्ष्मीबाई नगरला आमची सरकारी क्वार्टर्स समोरासमोर होती, वीस वर्षं. तो केमिकल इंजिनिअर, मी सेक्शन ऑफिसर. रिटायरमेंट जवळ आली तसे दोघांनी इथं फ्लॅट घेतले, एकाच मजल्यावर. लिफ्ट आली, केबल आली, पाणी काही आलं नाही. नळाला बोअरचं — त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तनयाच्या, माझ्या मुलीच्या, केसांच्या जटा झाल्या. प्यायला टँकर. धरमबीर नावाचा माणूस, सगळ्या भागात त्याचेच टँकर, त्याची मर्जी असेल तेव्हा यायचा. आणि आला की — तुम्ही शिकलेली माणसं मारामारी करताना पाहिलीत कधी? आमच्यातल्या एका रिटायर्ड विंग कमांडरनं एका हेडमास्तरांच्या तोंडावर भरली बादली हाणली. दोन दात खाली पडले. आणि हेडमास्तरांनी काय करावं? रक्त थुंकले, आपली बादली नळाखाली सरकवली आणि भरून घेतली. मी तिसरा होतो रांगेत. मी काय विचार करत होतो सांगू? की आता एक माणूस कमी झाला पुढचा.

त्याच दिवशी सुधाकर म्हणाला, "विश्वनाथ, बस झालं. आपलं पाणी आपण करू." अकरा घरांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे घातले, त्यात मीही. तळघरात मशीन बसलं. होळीच्या दिवशी पहिलं पाणी आलं — नीलावहिनींनी, त्याच्या बायकोनं, प्रत्येकाच्या हातावर पेला ठेवला आणि सगळे नुसते पीत होते. मे उजाडेपर्यंत आजूबाजूच्या तीन सोसायट्या आमचं पाणी घ्यायला लागल्या. तुम्ही कागदावर जो परतावा दाखवताय ना, त्याच्यापेक्षा जास्त सुटत होता. मशीन चालतं, परीक्षित. मशीनचा काही प्रश्नच नाही.

चार सोसायट्यांतून धरमबीरचे टँकर बंद झाले. मग तो माझ्याकडे आला. सुधाकरकडे नाही — माझ्याकडे, कारण मागच्या गेटची किल्ली सेक्रेटरीकडे असते. तुम्ही बसलायत तिथंच बसला. आवाज चढवला नाही, चहा प्यायला. म्हणाला, "बाबूजी, तनया बिटिया साढ़े तीन की बस से उतरती है ना? रोज़ अकेली आती है।" मग म्हणाला, गुरुवारी चार वाजता मागचं गेट उघडं असू द्या. "मशीन का ही तो मामला है।"

पोलीस? गेलो नाही. बूट घातले होते, जिन्यापर्यंत गेलो, परत आलो. एकुलती एक मुलगी आहे हो माझी. गुरुवारी तिला गाझियाबादला मावशीकडे धाडलं आणि चार वाजता गेट उघडलं. सहा जण होते, हातात लोखंडी सळया. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं मशीन फोडतील, नुकसान होईल, पुन्हा उभं करू — सुधाकर तिथं असेल असं मला — म्हणजे तो चार वाजता रोज खाली जायचा, फिल्टर धुवायला. रोज. — हो. माहीत होतं. मी त्याला सांगितलं असतं तर तो उलट दारात आडवा उभा राहिला असता, त्याचा स्वभावच तसा. असं मी म्हणतो. पण सांगितलं नाही, हेही खरं.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. तिथून सगळं दिसतं. त्यांनी आधी नळ्या फोडल्या, पाणी गुडघ्यापर्यंत उडत होतं. मग त्याला धरलं. दोघांनी त्याचे हात पंपाच्या लोखंडी बैठकीवर दाबून धरले आणि तिसऱ्यानं सळई घातली. उजव्यावर चार वेळा, डाव्यावर — डाव्यावर मी मोजलं नाही. बोटं अशी सुटी झाल्यासारखी दिसत होती. आणि तेवढ्यात त्याला मी दिसलो. तर तो ओरडला, "विश्वनाथ, इकडे येऊ नकोस! वर जा, वर जा तू!" त्याला वाटलं मी त्याला सोडवायला आलोय. आणि मी गेलो हो. वर गेलो. दार लावून घेतलं.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी भेटलो. दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये, नीलावहिनी चमच्यानं पेज भरवत होत्या. त्यांना त्यानं बाहेर पाठवलं. मग म्हणाला, "गेटचं कुलूप तोडलेलं नव्हतं." एवढंच. मी उभा होतो, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. पोलिसांना त्यानं जबाब दिला, कुणालाच ओळखलं नाही. कुणालाच. त्यानंतर चार वर्षांत तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नाही. फ्लॅट विकून गेले ते. ऐकतो की शर्टाची बटणं अजून वहिनीच लावतात.

आता? आता धरमबीरचेच टँकर येतात. कराराच्या कागदावर दर एप्रिलला मीच सही करतो. पहिली नळी आमच्या जिन्याला लागते. चांगलं पाणी असतं, खरंच. तनया विचारते, सुधाकरकाका आपल्याकडे का येत नाहीत? तिला सांगतो, लांब पडतं त्यांना.

— हे तुम्ही लिहून घेऊ नका. फाडा तो कागद. नाही, आत्ता, माझ्यासमोर. तुमचा प्रस्ताव मी कमिटीपुढे ठेवणार नाही, कारण विचारू नका. हॉर्न ऐकलात? त्याचा टँकर आहे, आणि मी खाली दिसलो नाही तर तो वर येतो. ते माहितीपत्रक शर्टाच्या आत घाला. मागच्या जिन्यानं उतरा, आणि कुणी अडवलं तर म्हणा, नात्यातला आहे, सहज आलो होतो. पाण्याचं काही बोलू नका. उठा. उठा हो. जा.