ओके म्हणणारी पेटी

—बघितलंत ना काका? मी मनगटावरचं बटण दाबलं, पेटीवरचा दिवा हिरव्याचा लाल झाला आणि लगेच कंट्रोल रूमचा फोन आला. मी त्यांना सांगितलं, टेस्ट आहे, सेम्बावांगचे दीनानाथकाका ठीक आहेत. म्हणजे चालतंय. चालतंय ना? नुसती मान हलवा, त्या झटक्याने वाचा गेलीय, बोलायला कोण सांगतंय तुम्हाला! — बरं, असू दे. पट्टा टोचतोय का मनगटाला? सारखा हात जातोय तुमचा तिकडे. थांबा, एक भोक सैल करते. आता बरंय? झालं तर मग.

छे, घाबरलेय कुठे मी! हात गार आहेत ते तुमच्या एसीने. सौमित्रदादा आजपासून ऑफिसला जायला लागला, तुम्ही पहिल्यांदाच संध्याकाळपर्यंत एकटे, म्हणून म्हटलं, आंग मो किओहून मेट्रोने असं कितीसं लांब, एक चक्कर टाकावी. नाही, कंपनीने नाही पाठवलं. आमच्या वरुणसरांना तर माहीतही नाही, त्यांच्या लेखी शुक्रवारीच सगळं मिटलं. पण दादा परवा मराठी मंडळात सगळ्यांसमोर म्हणाला, 'अवनीच्या पेटीच्या भरवशावर बाबांना घरी ठेवतोय' — सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि मी जेवण अर्धवट टाकून निघून आले. का म्हणजे? उगीच. — उगीच नाही. सेरंगूनच्या आँटींचं दादाने सांगितलं नसेल तुम्हाला. नाही ना? मग राहू दे.

नाही, सांगतेच. त्यांच्याकडेही आमचीच पेटी. त्या बाथरूममध्ये पडल्या. बटण मनगटावरच होतं, दाबलंही त्यांनी, किती वेळा दाबलं असेल देव जाणे — पण हात थरथरतो ना, तुमच्या या डाव्या हातासारखाच, बोट टेकतं न टेकतं तोच उचललं जातं. आणि बटणाची एक खोड असते काका, एकदा दाबलं तरी आतली पट्टी थडथडते, म्हणून मी पेटीला शिकवलं होतं की नीट दाबून धरलं तरच खरं मान, बाकीचं सोडून दे. मी शिकवलं होतं, स्वतःची धडधाकट बोटं डोळ्यांसमोर ठेवून! मुलगी ऑफिसातून घरी येईपर्यंत त्या फरशीवर पडून, आणि कंट्रोल रूममध्ये काय? शांतता. वाचल्या. खुबा मोडलाय. हॉस्पिटलमध्ये मला बघून हसल्या, 'नेव्हर माइंड, गर्ल' म्हणाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वरुणसर काय म्हणाले सांगू? 'पेटीच्या प्रोग्रॅमला ही कुठली तुझी आजीच्या काळातली भाषा, सगळ्या जगासारखं सीमध्ये लिहिलं असतंस तर?' अहो, सीमध्ये लिहिलेलं काय आकाशातून पडतं? चूक माझी होती, फोर्थची नव्हती! फोर्थ म्हणतात तिला. नखाएवढ्या चिपमध्ये मावते, आणि महत्त्वाचं म्हणजे माणसाच्या डोक्यात मावते — आतलं सगळंच्या सगळं मला ठाऊक असतं, कुणा दुसऱ्याच्या लाखभर ओळींवर डोळे मिटून विश्वास नाही टाकावा लागत. म्हाताऱ्या माणसाचा जीव ज्याच्या हवाली करायचा ते निदान एका माणसाला तरी पूर्ण कळलेलं असावं की नाही? हे मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून बोलले होते. आणि पेटी बंदही करावी लागत नाही. ती चालू असतानाच तिच्याशी बोलता येतं, एक ओळ लिहायची, ती म्हणते 'ओके'. तसंच केलं शुक्रवारी, सगळ्या घरांतल्या पेट्या ऑफिसात बसून दुरुस्त केल्या. थरथरत दोनतीनदा टेकलं तरी खरं मान म्हणून शिकवलं. मग टेबलावरच्या पेटीला तिथल्या तिथे विचारलं, 'दाबलंय-का?' — बोट मुद्दाम थरथरवून — हो म्हणाली. ओके. — काका, पट्टा अजून टोचतोय? तुम्ही तर ओढताय त्याला. निघतेच मी, एवढं सांगते.

गंमत अशी की ही भाषा लहान मुलासारखी शिकते. एक शब्द शिकवायचा, मग त्या शब्दावरून पुढचा. मी आधी 'दाबलंय-का' शिकवला, त्याच्यावरून 'पहारा' — पहारा म्हणजे रात्रंदिवस तेच विचारत राहायचं, दाबलंय-का, दाबलंय-का. आणि शब्दाला नवा अर्थ शिकवला ना, तरी जुना पुसला जात नाही बरं का, तो खाली तसाच राहतो आणि नवा त्याच्यावर बसतो. यापुढे जो शब्द बनेल तो नवा अर्थ धरतो, आणि आधी बनलेले —

आधी बनलेले जुनाच धरून बसतात.

पहारा. — थांबा हं काका. — पहारा मी परत शिकवला का? शुक्रवारी मी... नाही, मी विचारलं तेव्हा नव्या शब्दाला विचारलं, मी स्वतः विचारलं, पहारा तर अजून जुन्यालाच विचारतोय... आणि आत्ता इथे दाबलं तेही मीच, माझ्या अंगठ्याने, चांगलं दाबून. तसं तर पहिल्यापासूनच चालत होतं! ओके म्हणजे ऐकलं एवढंच. बरोबर आहे असं कधी म्हणाली ती?

काका, दाबा. तुमच्या हाताने. मी पाठ करून बसले होते, आता बघते पेटीकडे. दाबा. — हिरवा. — परत दाबा, घाई नाही. — हिरवाच.

तुम्ही पट्टा ओढत नव्हतात.

मी आल्यापासून बटण दाबताय? कालपासून? शनिवारपासून?... हं. आणि घरात कुणाला... कसं सांगणार तुम्ही. आणि मी तास झाला नुसती बोलतेय! — फोन कुठे टाकला मी — तुम्ही बसा, मी कुठेही जात नाही, दादा येईपर्यंत इथेच आहे. — हॅलो, सर? अवनी. सगळ्या घरांना फोन करायला सांगा, आत्ता, एकूण एक घर, म्हणावं कुणालाही एकटं सोडू नका — नाही सर, तुम्ही ऐका — स्क्रीनवर काय दिसतंय ते मला माहीत आहे —

हो सर. सगळ्या ओके म्हणतायत.