सोडलं की थांबलं पाहिजे

माझं माहेर दिघीचं, मिल्ट्रीच्या कुंपनाला लागून घर, आनि दिलं ते चाकणच्या पल्याड, शेतकऱ्याच्या घरात, तवा इकडं कंपन्या न्हवत्या, समदी ज्वारी आनि कांदा, आता येताना तुमी बघितल्याच असतील कंटेनरच्या रांगा. शेत कंपनीच्या भिंतीआड गेलं, घर ऱ्हायलं, घराम्होरं भाड्याच्या खोल्या बांधल्या, त्यात कामगार पोरं ऱ्हात्यात, आनि मागं हा पाच गुंठ्यांचा तुकडा. तुमी बसा ना ताई, मी उभीच बरी, मला बसवत न्हाई.

आमचे मालक भोसरीत एका वर्कशॉपात पत्रा कापायच्या प्रेसवर होते. काय सांगू तुमाला, त्या प्रेसला दोन बटनं असायची, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा दट्ट्या खाली यायचा, म्हंजी हात मधी घावू नये. पन माल लवकर निघावा म्हनून समदेच एक बटन चिकटपट्टीनं दाबून ठेवायचे, ह्यांनीबी ठेवलं, एक हात मोकळा झाला आनि त्योच मोकळा हात मधी गेला. डाव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आनि करंगळी ऱ्हायली. मंग त्यांना गेटवर बसवलं, गेल्या वर्षी तेबी सुटलं, आनि घरात आले तर दिसभर नुसत्या येरझाऱ्या, नळ खोल, खिळं ठोक, माझ्या डब्यांच्या जागा बदल, मी म्हनलं आवो मागचा तुकडा तरी करा, वांगी लावा, मेथी लावा, जीव रमंल तुमचा.

पन ती जमीन कसली, भिंत बांधताना ट्रका फिरल्या तिच्यावरनं, दगडावानी झालीय. ट्रॅक्टर बोळातनं येत न्हाई, बैल आता कुनाकडं हायेत. शेजारच्या भाऊंचं माती उकरायचं छोटं मशीन आनलं, हातानं धरून चालवायचं, पाती पुढं असलेलं, तर ते जमिनीत शिरंचना, टनाटना उड्या मारायचं आनि ह्यांना ओढत न्यायचं, मी मागनं वरडतेय, सोडा वो, सोडा.

मंग दुकानात गेलो चाकणला. दुकानदार म्हनला काकू, कडक जमिनीला मागं पाती असलेलंच घ्या, पुढची चाकं जमीन धरून चालत्यात, मागनं पाती उकरत येत्यात, मानसानं हँडल धरून नुसतं मागं चालायचं. दोन मशिनं दावली. एक दांडगं, ते ह्यांच्या नजरंत भरलं, पन त्याला डाव्या बाजूला सायकलच्या ब्रेकावानी मूठ, ती आवळून धरली तरच पाती फिरनार, सोडली की थांबनार. ह्यांनी आवळून बघितली, अंगठा आनि करंगळीनं काय व्हतंय, सटकायची. गिऱ्हाइकं बघत होती, ह्यांचं तोंड येवढंसं झालं, आनि मंग हसून म्हनले काय न्हाई राव, मूठ तारंनं बांधून टाकू, फर्स्टक्लास चालतंय.

तार म्हनले आनि माझ्या मस्तकात तिडीक गेली. भर दुकानात म्हनलं, एकदा पट्टी लावून बोटं दिली, आता तार लावून पाय द्यायचाय का. ह्यांनी मूठ सोडून दिली. वाईट वाटलं मला, चारचौघांत त्यांचं तोंड बघवंना, पन मी मागं सरले न्हाई. दुकानदाराला म्हनलं ताकद किती, पेट्रोल किती खातं, ते ऱ्हाऊ द्या, सोडलं की आपसूक थांबतं का आनि ह्यांच्या हाताला धरता येतं का, येवढंच सांगा. त्यानं दुसरं मशीन पुढं घेतलं, तेबी मागं पात्याचं, पन अंगानं ल्हान, हँडलवर आडवी दांडी, तळव्यानं दाबून धरली की पाती फिरत्यात, हात उचलला की बंद, बोटांचं कामच न्हाई. ह्यांनी तळवा ठेवला, दाबला, उचलला, परत दाबला, किती येळ तेच चाललं. मंग माझ्याकडं न बघताच म्हनले, जमतंय गं. तेच आनलं.

आता आईकताय न्हवं, मागं चाललंय ते. सकाळधरनं तेच. आवाज चालू असला की वाटतं पाय मधी आला तर, हात सटकला तर, तव्यावर भाकरी करपून जाती. आनि बंद झाला तर इचारूच नका, मीच हट्टानं थांबनारं मशीन निवडलं, आनि आता थांबलं की माझंच काळीज थांबतं, तशीच पिठाच्या हातानं पळते, काय झालं वो, तर म्हनत्यात काय न्हाई, वळतोय. कधी दगड उचलत असत्यात, कधी नुसतंच उभं ऱ्हाऊन उकरलेली माती बघत असत्यात. किती दिवस पळनार मी अशी, कुनास ठाऊक.

थांबा, थांबा. बंद झालं बघा.

न्हाई, झालं चालू. चालू दे रे देवा, असंच चालू दे. तुमच्याबी घरातली मानसं धडधाकट ऱ्हावोत, ताई. चहा घ्या तुमी, मी आलेच बघून.