उजवा मनोरा

या बाजूनं उचला मॉडेल सर, खाली नवी प्लाय लावलीय – आणि उजव्या मनोऱ्याला हात नका लावू, रंग ओला आहे. ते ताईचं काम नाही, माझं. तुम्ही कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवणार, सुरुचीताईच्या नावानं – मग अर्धवट कसं द्यायचं? डावीकडे घुमट आणि उजवीकडे नुसतं थोटूक. मी आठवी नापास, पण छतांच्या पीओपीचं काम करतो ना – आमचं अर्धं अयोध्या नगर माझ्या छताखाली झोपतं. आठवडाभर बसलो आणि घुमट घडवला. डाव्यासारखाच आहे की नाही, बघा.

ताई सांगायची, अमेरिकेतल्या वाळवंटातलं चर्च आहे हे, स्पेनच्या पाद्र्यांनी बांधलेलं. बांधलं कसलं, बांधून घेतलं – विटा, चुना, सगळं तिथल्या आदिवासींच्या हातचं. आतली वेदी संगमरवराची वाटते, पण नाही – प्लास्टरवर ब्रशनं शिरा काढल्यात. मी म्हटलं, म्हणजे आमच्यासारखीच बनवाबनवी. तर म्हणाली, आशय, तुझेच भाऊबंद रे ते.

त्या दिवशी म्हणाली, झालं मॉडेल. मी म्हटलं, झालं कुठे – एक मनोरा बोडका. तुझं सगळं असंच, अर्ध्यात सोडायचं, त्या मोडलेल्या साखरपुड्यासारखं. असं बोलायला नको होतं – बोललो. तिनं मोबाइल पुढे केला, मी बघितलाच नाही. म्हटलं, त्या एवढ्याशा पडद्यावर मला काही कळत नाही. तशी उठली, स्कूटीची चावी घेतली – थांब, मोठा फोटो छापून आणते, मग बोल. मी म्हटलं, जा, आण. रायसेन रोडवर तो डंपर – ते तुम्हाला माहीतच आहे. घरी मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, काय माहीत. कसला फोटो आणणार होती, ते आता कोण सांगणार?

काय शोधताय सर – मोबाइलवर काय आहे? हो, तेच चर्च. पांढरं. दरवाजा तोच, नक्षी तीच. डावीकडे घुमट आहे... उजवीकडचा फोटोत कापला गेलाय का? नाही? खराच नाही? सव्वादोनशे वर्षं असाच?

म्हणजे ताई काम पुरं करून उठली होती.

नाही सर, ठेवा ते खाली. आज नेऊ नका. माझी तासायची पटाशी कुठं गेली – तुम्ही जा आता. आई आत आहे, तिला यातलं काही बोलू नका. जाताना दार ओढून घ्या.