चाळीस घरांचं गाव

हॅलो?… हो, साधनाच… काय?… "कोणाचंच घर वेशीबाहेर काढाचं नाही, पोरीहो"… अवं तुबा! केवढी दचकली मी! हुबेहूब खुर्शीदबींचा आवाज काढला तू… हो, हो, तश्शाच. हातात तसबीहची माळ, अन् नजर कॉम्प्युटरवर.

बोल ना. दिवेलागणीपर्यंत बोलते, मंग जेवणापर्यंत माझं मौन असते… पाळते ना अजून. होस्टेलात तू चिडवायची, आता इथं अंजनगावात सासूबाई चिडवतात.

कशा आहेत त्या?… बार्शीटाकळीलेच, भावाकडे?… डोळे?… एक गेलाच?… अन् दुसऱ्याचं ऑपरेशन परवा, अकोल्याले… डॉक्टर काय म्हणते?… खात्री देत नाही… अरे देवा.

माझं नाव घेतलं? काय म्हणाल्या?… "साधनाचं गाव वाचलं का?"…

रडत नाही वं… बोल.

अमरावती सोडून सहा वर्षं झाली, तुबा. मले वाटलं, विसरल्या असतील. मेट्रनबाई त्या, किती पोरी आल्या अन् गेल्या… हो ना! रोज एक तास कॉम्प्युटरची खोली उघडून द्यायच्या. म्हणे, टायपिंग शिका… अन् आपण त्या खेळात गाव वसवायचो. माऊसले कधी बोट लावलं नाही त्यांनी, पण राज्य त्यांचंच. पहिले विहीर, मंग भिंत… अन् तू वहीत लिहायची, कोठाराले किती लाकडं, भिंतीले किती दगड… आहे वही? खरंच?

काय पाठवलं मेलवर?… कोण्या खेळणाऱ्याचा स्क्रीनशॉट?… शेवटचा टप्पा, तीन वर्षांचा दुष्काळ, जिंकलेला… अन् तो आपला म्हणून त्याहिले दाखवाचा?… नाही… अवं ऐक ना. त्या छपरं मोजतात. किती आहेत त्याच्यात?… सव्वीस. पाहाय, चौदा घरं बाहेर काढली त्यानं. खाणारे कमी केले की कोणीही जिंकते.

तुले एक सांगू? रागवू नको. ते चिंचेखालचं घर गायब झालं होतं ना एकदा?… व्हायरस नव्हता. मीच काढलं होतं. तू पाणी प्यायला गेली होती. कोठार रिकामं, गाव हरत चाललं होतं, मी वेशीच्या चित्रावर एकदा क्लिक केलं… त्यांनी तसबीहच्या मण्यांवर छपरं मोजली. एकोणचाळीस. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ते लोक कुठं गेले असतील आता?" अन् त्या दिवशी जेवल्या नाहीत.

… माहीत आहे मले, खेळच होता. पण मी कबूल केलं होतं त्यांच्याजवळ. चाळीसच्या चाळीस घरं ठेवून गाव वाचवीन, अन् चित्र दाखवीन… मंग? लग्न झालं, घर, व्रतं. सगळी व्रतं पाळली, हे एक तेवढं राहिलं.

थांब, थांब. वहीत आपला जुना प्रिंट चिकटवला होता ना, प्रिंटरची शाई पुसट झालेला?… त्याच्यात नदीकाठची वावरं दिसतात?… किती?… बारा. अन् काय पेरलं आहे?…

सगळा कापूस?… बाराही वावरं?

तुबा… आपल्याले कोणी सांगितलं होतं वं कापूस लावाले?… कोणीच नाही! काळी जमीन दिसली अन् लावला!… हसू नको, मलेही हसू येऊन राहिलं… अन् खुर्शीदबी? त्याही काही बोलल्या नाहीत! त्यांचंही गाव कापसाचंच ना… पैसा यायचा, भिंत उंच व्हायची. अन् दुष्काळात धान्य विकणारा व्यापारी येतच नाही त्या खेळात. मंग त्या पैशाचं काय करतेस? चावून खातेस?

ज्वारी, तुबा. बाराही वावरात ज्वारी. पहिली चार वर्षं नुसती कोठारं भराची… वहीत पाहाय, एक कोठार किती घरं जगवते?… वर्षभर दहा. मंग चाळीस घरं, तीन वर्षं… बारा कोठारं! भिंत ठेंगणी राहू दे… येऊ दे लुटारू, विहीर तर नेणार नाहीत?

खेळाची सीडी? आहे ना, पोथीच्या पेटीत… आता हसून काय राहिली! चांगली जपली आहे, लाल फडक्यात.

नाही, लाइन सहाले येते आमच्याकडे… आला, आला, पंखा फिरला. सुरू केला मी कॉम्प्युटर. आवाज ऐकू येते?… हो, तोच खरखरता…

तू उद्या जाशील तेव्हा त्याहिले सांग… नको. काहीच सांगू नको. परवा सकाळच्या आत मेल करते, अकोल्यातच प्रिंट काढून ऑपरेशनआधी हातात दे. अन् मोजू दे त्याहिले, घाई नको करू… नाही साधलं तर? तर हरलेल्याचं चित्र पाठवीन. पण चाळीस छपरांचं.

सासूबाई दिवा लावून राहिल्या, तुबा. आता मौन…

हो. पहिले विहीर. ठेवते.