सुटलेल्या दोन नमाजा

अरे, युसूफभाईच्या ऑपरेशनचं तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मुर्रीत त्याचं आणि माझं धानाचं शेत बांधाला बांध लागून आहे. ट्रॅक्टरवरून पडून त्याचा खुबा मोडला. गोंदियाच्या दवाखान्यात सकाळी अकराला ऑपरेशनसाठी आत नेलं. तो शुद्धीवर आला तेव्हा दिवस बुडला होता. डोळे उघडताच विचारलं, "किती वाजले?"

"साडेसहा."

"म्हणजे दुपारच्या दोन नमाजा सुटल्या. थोडी माती आण."

"माती कायले?"

"नमाजेआधी हातपाय धुवा लागते, पण डॉक्टरची पाण्याले मनाई हाय ना. मातीवर हात फिरवला तरी चालते. सुटलेल्या आधी पढतो, मग आताची."

मी दवाखान्याच्या बागेतून मातीचं कोरडं ढेकूळ आणलं. त्यानं हात त्यावर टेकवून तोंडावर फिरवले आणि निजूनच, नुसत्या मानेच्या इशाऱ्यानं सुरुवात केली. कळ येऊन डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ थांबले नाहीत. मी चप्पल काढून उभा राहिलो; काऊन, ते मलाच माहीत नाही.

तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली. "झोपले का?"

"नाही बाई. दुपारची नमाज पढून राहिला."

तिनं खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहिलं, सुई ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याजवळ उभी राहिली.